‘विल्हेवाट लागली’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न (इंदूरहून):
भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा (1984 ची वायुगळती इथलीच) 337 टन विषारी कचरा 12 कंटेनरांतून 2 जानेवारी 2025 ला पहाटे आमच्या शेजारी पीथमपूरला आला आणि जून संपेपर्यंत भट्टीत जाळून झाला. मराठी बातम्या म्हणतात, ‘विल्हेवाट लागली’. सणाचं सामान आलं की आजी म्हणायची, ‘आधी याची विल्हेवाट लावा, मग चहा.’ तूप फडताळात, डाळी डब्यांत, पिशव्या घडी घालून खुंटीला. ज्याची त्याची जागा. या कचऱ्याला ‘विल्हेवाट’ शोभतो का?

उत्तर १:
ताई, जुना अर्थ आजींचाच. ‘विल्हेस लावणे’ म्हणजे नीट व्यवस्था लावणे. ‘नाहीसं करणे’ हा अर्थ आज जास्त रुळलाय. दोन्हींत काम संपलेलं असतं, आणि इथे ते संपलेलं नाही. भट्टीत कीटकनाशकं जळतात. पारा, शिसं जळत नाही, राखेत उतरतं किंवा धुराबरोबर जातं. जाळताना कचऱ्यात चुनाही मिसळावा लागला, म्हणून 337 टन जाळून राख निघाली 800 टनांहून जास्त! मी तरी सरळ ‘जाळला’ लिहीन.

उत्तर २:
मला ‘वाटेला लावला’ जास्त खरं वाटतं. भोपाळहून निघाला, अडीचशे किलोमीटरवर पीथमपूरच्या भट्टीशेजारच्या तारापूर गावाच्या कुशीत आला. इंदूरच्या बंगल्यांजवळ आणायचं कुणी सुचवलं असतं का? आणि भोपाळला तरी काय मिटलं? कारखान्याभोवतीची 11 लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेच्या 2010 च्या अहवालात आहे. आरिफ नगर, अटल अय्यूब नगर इथल्या गरीब, बऱ्याचशा मुसलमान वस्त्यांनी वर्षानुवर्षं तिथलंच हातपंपाचं पाणी प्यायलं. ती माती आहे तिथेच आहे, आणि आपण मात्र पूर्णविराम देणारा शब्द वापरतो. याचा मला राग येतो.

प्रश्नकर्ती:
पटलं. मग ‘राख’ शब्दाचंही बघा ना. राख म्हटलं की आम्हाला चुलीतली आठवते, भांडी घासायची, झाडाच्या बुंध्याशी टाकायची. तारापूरच्या बाईलाही तीच आठवणार. निदान ‘विषारी राख’ तरी छापा, म्हणजे तिला कळेल की हिला हात लावायचा नाही.