मदत हवी आहे: कॅराफच्या डिप्लॉय फोल्डरमध्ये टाकलेली जार कधी चालते, कधी नाही

खाडीकाठ

मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात रास्पबेरी पायवर (छोटा संगणक) अपाची कॅराफ (जावा प्रोग्रॅमचे सुटे भाग, म्हणजे 'बंडल', चालवणारा सर्व्हर) चालू आहे. ब्राइनच्या (मिठाच्या थंड पाण्याच्या) दोन टाक्यांचं तापमान आरएस-४८५ या सिरियल तारेवरून वाचायचं, एवढंच काम. नवी जार (बंडलची फाइल) मोबाइल डेटावरून एससीपीने (नेटवर्कवरून फाइल कॉपी करणारी कमांड) थेट डिप्लॉय फोल्डरमध्ये पाठवली जाते; तिथे टाकलेली जार कॅराफ आपोआप चालू करतो.

तीन अडचणी आहेत. लॉगमध्ये अधूनमधून 'झिप एंड हेडर नॉट फाउंड' येतं. इटीसी या सेटिंगच्या फोल्डरमध्ये 'बर्फ.तापमान-वाचक.सीएफजी' ठेवली, तरी कंपोनंट (बंडलमधला तापमान वाचणारा भाग) कोडमधल्या डिफॉल्ट किमतीच धरतो, एरर काहीच नाही. आणि वाचक-१.३.जार टाकल्यापासून सिरियल पोर्ट 'बिझी' दाखवतो. मूळ एकच आहे का?

सुरंगी

मूळ वेगवेगळं आहे, पण तिन्ही गाठी फाइल इन्स्टॉलच्याच. कॅराफमधला हा भाग फोल्डर ठरावीक वेळाने तपासतो. मूळ फेलिक्समध्ये (फाइल इन्स्टॉल ज्या प्रकल्पातून आलं तो) ही वेळ २००० मिलिसेकंद असते, कॅराफच्या डिप्लॉयसाठी १०००. फाइलचा आकार आणि बदलल्याची वेळ लागोपाठ दोन फेऱ्यांत तीच दिसली, की 'कॉपी पूर्ण झाली' असं तो धरतो. पावसात रेंज गेली आणि कॉपी दोन-तीन सेकंद थबकली, की अर्धी जार उचलली जाते. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, ती अजून आलेलीच नसते, म्हणून ही एरर. कॉपी पुढे सरकली तर नंतरच्या फेरीत फाइल पुन्हा घेतली जाते. लिंक तुटली तर मात्र अर्धी फाइल तशीच पडून राहते.

पोल (तपासण्यांमधली वेळ) वाढवून धोका फक्त कमी होतो, जात नाही. डिप्लॉयच्या बाहेर, पण त्याच डिस्कवर 'आवक' नावाचं फोल्डर करा. जार तिथे पाठवा, दोन्हीकडचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळवा, 'सिंक' कमांड द्या (वीज गेली तर कार्डावर न उतरलेला डेटा जातो) आणि मगच 'एमव्ही' कमांडने डिप्लॉयमध्ये हलवा. एकाच फाइलसिस्टिमवर एमव्ही म्हणजे फक्त नाव बदलणं, त्यामुळे अर्धी फाइल कधीच दिसत नाही. 'टेम्प' फोल्डर बऱ्याचदा रॅमवर असतं. तिथून हलवलंत तर एमव्ही आतून कॉपीच करतो आणि सगळं मुसळ केरात.

आता सीएफजी. नावातल्या जोडरेघेचा अर्थ तुम्हाला माहीत नव्हता असं दिसतं. रेघेच्या आधीचा भाग फॅक्टरी पीआयडी (पीआयडी म्हणजे सेटिंगची ओळख, फॅक्टरी म्हणजे एकाच कंपोनंटच्या अनेक प्रती) आणि नंतरचं त्या प्रतीचं नाव, असं फाइल इन्स्टॉल वाचतो. म्हणजे तुमची सेटिंग 'बर्फ.तापमान' नावाच्या फॅक्टरीला गेली. तुमचा कंपोनंट 'बर्फ.तापमान-वाचक'ची वाट बघतोय, आणि सेटिंगशिवायही चालायची त्याला परवानगी असल्याने तो गप्प राहतो. पीआयडीमधली रेघ काढून 'बर्फ.तापमान.वाचक' करा. मग हीच रेघ तुमच्या कामाची: 'बर्फ.तापमान.वाचक-टाकी१.सीएफजी' आणि '-टाकी२.सीएफजी' ठेवल्यात की कंपोनंटच्या दोन प्रती उभ्या राहतात, प्रत्येकीला आपापला स्लेव्ह क्रमांक (तारेवरच्या उपकरणाचा पत्ता). पोर्ट मात्र एकाच सामाईक सर्व्हिसने उघडायला हवा, नाहीतर दोन प्रती त्यावरूनच भांडतील. कॉन्फिगरेशन पॉलिसी 'रिक्वायर' (सेटिंगशिवाय चालूच नको) ठेवा, म्हणजे चुकलेलं नाव लगेच 'अनसॅटिस्फाइड' म्हणून दिसेल.

पोर्ट बिझीचं कारण बहुधा १.२ ची जारही फोल्डरमध्येच आहे. सिम्बॉलिक नेम (बंडलचं आतलं नाव) तेच आणि आवृत्ती वेगळी असेल तर ओएसजीआय (कॅराफखालची बंडल चालवणारी यंत्रणा) दोन्ही बंडल सुखाने चालवतं. 'बंडल:लिस्ट' करून बघा, मग जुनी जार पुसा. फाइल पुसली की बंडल अनइन्स्टॉल होतं. पुढे फाइलच्या नावात आवृत्ती नकोच, नुसतं 'वाचक.जार'. त्याच नावावर नवी हलवली की अपडेट होतं.

खाडीकाठ

१.२ खरंच तिथे होती. पुसल्यावर पोर्ट मोकळा झाला, सेटिंगही लागली. पण आता आलेख दाखवणारं बंडल 'इन्स्टॉल्ड'वरच (टाकलं गेलं, पण सुरू नाही) अडकलंय. आधी टाकायला हवं होतं का?

पाणबुड्या

क्रमाने फरक पडत नाही. सुरू न झालेली बंडलं फाइल इन्स्टॉल पुढच्या फेऱ्यांत पुन्हा सुरू करून बघतो. 'बंडल:डायग' आणि बंडलचा क्रमांक द्या, न सापडलेलं पॅकेज आणि त्याची आवृत्ती दिसेल. आलेखाचं बंडल वाचकाचा इंटरफेस स्वतः इम्प्लिमेंट करत असेल आणि तो प्रोव्हायडर प्रकारचा (छोट्या बदलातही इम्प्लिमेंट करणाऱ्याला नवं बिल्ड लागतं असा) असेल, तर बीएनडीने (बंडल बांधणारं साधन) इम्पोर्टची, म्हणजे चालणाऱ्या पॅकेज-आवृत्त्यांची, मर्यादा १.२ ते १.३ च्या आत घातलेली असते. आता १.२ गेल्यावर ते कोणाला जोडणार? नव्या इंटरफेसवर ते पुन्हा बिल्ड करा, जार त्याच 'आवक'मधून पाठवा.