कोब्रा रेप्लिकाचं मायलेज: आधी डिस्ट्रिब्युटर बघा
कोब्रा रेप्लिकाचं (जुन्या कोब्रा स्पोर्ट्स कारच्या नकलेचं) मायलेज कसं वाढवायचं, या प्रश्नावर तिच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाला लहान कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) बसवायचा सल्ला आलाय, पण मी आधी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी पोचवणारा भाग, बघेन. रेसिंगसाठीच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरना व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनावर भार कमी असताना ठिणगी आधी पाडणारी सोय) नसतो. एकसारख्या वेगाने जाताना थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जेमतेम उघडलेलं असतं आणि सिलिंडरमधलं विरळ मिश्रण हळू जळतं. ठिणगी पुरेशी आधी पडली नाही, तर पेट्रोलची बरीच ताकद नुसती उष्णता होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. हे नीट झालं की वाइडबँड सेन्सर (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) लावून कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) बदला: एकसारख्या वेगाने जाताना हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७:१ च्या आसपास, पूर्ण थ्रॉटलला मात्र १२.५ ते १३. तिथे कृपया काटकसर नको, पिस्टन जळतील! पैसे उरले तर ओव्हरड्राइव्हवाला (त्याच वेगाला इंजिन कमी फिरू देणारा) पाच गिअरचा बॉक्स. उघड्या बॉडीला वाऱ्याचा अडथळा राहणारच, त्यामुळे १२० ऐवजी ९० च्या वेगाने जाऊन फरक बघा.