गॅलरी काढून अभ्यासिका करा म्हणणाऱ्यांना

रंगपेटी

परवा आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपवर 'पेठेतला माणूस' यांची पोस्ट फिरली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नदीकडच्या जुन्या वाड्याच्या माडीवर चित्रांची जी छोटी गॅलरी आहे, तिचा गल्लीला काडीचा उपयोग नाही. बाहेरचे चारचाकीवाले येतात, चहा पितात, फोटो काढून जातात. मालकांना समाजाची चाड असेल तर त्यांनी तिथं एमपीएससीच्या पोरांसाठी अभ्यासिका काढावी. खाली 'एक नंबर भावा' आणि अंगठ्यांची रांग.

मी उत्तर देणार नव्हतो. पण 'काडीचा उपयोग नाही' हे काही डोक्यातून जाईना.

ती जागा खासगी आहे. त्याच गल्लीत सराफ आहे, जिम आहे, केकचं दुकान आहे. त्यांना कुणी विचारलंय का, बाबा तू समाजासाठी काय केलंस? भिंतीवर चित्रं लावणाऱ्याकडंच हिशेब मागायचा, कारण तो उलटून बोलत नाही.

पैशाचंही ऐका. गॅलरी म्हणजे लाखांची उलाढाल असं लोकांना वाटतं. चित्र विकलं तर साधारण तिसरा हिस्सा, कधी थोडा जास्त, गॅलरीचा. पण विकलं तर! आपल्या गावात घराला टाइल्स बसवताना कुणी हात आखडत नाही आणि पाच हजारांचं जलरंगातलं चित्र बघितलं की 'हे आमचा बारका पण काढतोय' म्हणतात. चित्रकाराकडून भिंतीचं भाडं घ्यावं तर नवी पोरं येत नाहीत, न घ्यावं तर लाईटबिल घरातून. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज करून पोरं वर्षानुवर्षं तारखेची वाट बघतात. शाहू स्मारकचं दालन मोठं, तिथं एकट्या नवख्याची पंधरा चित्रं दिसतसुद्धा नाहीत. दळवीज् आणि कलानिकेतन या आपल्या चित्रकलेच्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या पोरानं पहिलं प्रदर्शन करायचं कुठं? रंकाळ्याच्या कट्ट्यावर?

आबालाल रहिमान यांच्यासारखे चित्रकार ज्या गावात कोटितीर्थ तळ्याची चित्रं काढत बसले, त्या गावात एक माडी चित्रांना जास्त होते?

पेठेतला माणूस

आबालाल मास्तरांनी शेवटी आपली चित्रं त्याच कोटितीर्थात बुडवली असं सांगतात. तेव्हा कुठल्या गॅलरीनं वाचवली? असो.

मी रागानं लिहिलं नव्हतं, तुम्ही रागानं वाचलं. आमचं घर दोन खोल्यांचं. टीव्ही, आजीचा खोकला, शेजारी गिरण. पोरगा फौजदाराची परीक्षा देतोय. महिन्याला पैसे भरून पार स्टेशन रोडला जाऊन बसतो, रात्री साडेअकराला परत. आणि आमच्या खिडकीतून समोर ती माडी दिसते. एसी चालू, लाईट चालू, आत माणूस नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय लिहिलं असतं?

आणि दार उघडं असतं म्हणू नका. एकदा चढलो होतो जिना. आतल्या बाईंनी वर-खाली बघून विचारलं, "कुणाकडं आलाय?" सराफाच्या दुकानात मला असं कुणी विचारत नाही.

तांबडापांढरा

तुम्ही दोघं एका माडीवरून भांडताय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी बांधलेलं, तेव्हा हे 'कलानगरी' म्हणणारे कुठं होते? दोन दिवस स्टेटस ठेवले. या गावाला कलेचं प्रेम फक्त भाषणात येतं.

रंगपेटी

@तांबडापांढरा नाट्यगृहावर वेगळा धागा काढा, मी येतो तिथं. इथं नको.

जुना बुधवार

मी त्या वाड्याच्या मागं राहते. २०१९ च्या पुरात पाणी आमच्या ओट्यावर चढलं तेव्हा गॅलरीवाल्यांनी चित्रं भिंतीला उभी करून जागा मोकळी केली. गल्लीतल्या लोकांच्या धान्याच्या पिंपांपासून दहावीच्या मार्कलिस्टांपर्यंत सगळं तिथं होतं. माझ्या सासूबाईंच्या पेन्शनची कागदं तिथं होती म्हणून वाचली. २०२१ ला परत तेच. आता उपयोग नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

शाहूपुरी एक्सप्रेस

ताई, ते माणसं चांगली म्हणून. त्यासाठी आर्ट गॅलरी कशाला? वरचा मजला पुरे होता.

जुना बुधवार

वरचे मजले गल्लीत बरेच आहेत हो दादा. कुलपं किती उघडली ते मी बघितलंय.

तळकोकण

मी कुडाळचा, मध्ये तोंड घालतो. आमच्याकडं पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं म्युझियम केलं. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, सगळं ठाकर समाजाचं. २०२१ ला पद्मश्री मिळाली. एसी नाही, उद्घाटनाचा चहा नाही. बघायला आलेल्या माणसाला तिथंच बसवून पोथीतली चित्रं दाखवत कथा सांगतात. समाजाशी नातं असलेलं दालन म्हणजे ते. तुमच्या माडीवर लटकतं त्याचा गल्लीशी संबंध काय?

रंगपेटी

पिंगुळीचं उदाहरण मला मान्यच आहे, पण ते इथं लागू कसं होतं? तिथं कला त्यांचीच, घर त्यांचंच, समाज त्यांचाच. इथं शहरात एक माणूस दुसऱ्यांची चित्रं लावतोय. त्यानं काय गल्लीतल्या लोकांच्याच आवडीची लावायची? मग बारा महिने शिवाजी महाराजांची आणि गणपतीची लागतील.

पेठेतला माणूस

लागली तर बिघडलं कुठं? महाराजांचं जे चित्र आज कचेऱ्यांत दिसतं ते आपल्या जी. कांबळे यांचं, आणि ते सिनेमाची पोस्टरं रंगवून मोठे झालेले. पोस्टरं रंगवणारा तेव्हा गल्लीतलाच माणूस होता. आमच्या पेठेत दोन पेंटर होते, दुकानाच्या पाट्या, ट्रकवरची नावं, तालमीचे बोर्ड करायचे. फ्लेक्स आला आणि एक आता वॉचमन आहे. तुमच्या गॅलरीला कधी सुचलं त्यांच्या अक्षरांचं प्रदर्शन लावायला?

शाहूपुरी एक्सप्रेस

हा मुद्दा मात्र खणखणीत.

रंगपेटी

मुद्दा चांगला आहे. अभ्यासिकेत कसं लावणार होता ते प्रदर्शन, तेवढं सांगा.

पेठेतला माणूस

टोमणा पोचला.

दहावीची आई

इतकं सगळं चाललंय म्हणून सांगते, त्या गॅलरीत रविवारी सकाळी चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा सराव घेतात, एक पैसा न घेता. माझी मुलगी जाते. शाळेत ड्रॉइंगला सरच नाहीत. हा उपयोग नाही का?

खडूफळा

ताई, राग मानू नका. मुलगी चित्रासाठी जाते की दहावीच्या मार्कांसाठी? ए ग्रेडला दहावीत ७ मार्क जादा, बी ला ५, सी ला ३. मार्क बंद करा, बघू किती मुलं उरतात त्या रविवारी.

दहावीची आई

मार्कांसाठी जाते! लपवायचं काय त्यात? तुमच्या मुलांनी मार्क नाकारले होते का?

निवृत्त ड्रॉइंग मास्तर

माझी हयात या परीक्षांची मुलं बसवण्यात गेली, म्हणून बोलतो. लांबेल.

मार्क लागू झाल्यापासून या परीक्षांचं वाटोळं झालं. स्मरणचित्र म्हणजे मुलानं बाजार, बसथांबा, पावसातली शाळा स्वतः बघून आठवून काढायचा. आता क्लासवाले तीन आकृत्या पाठ करून घेतात: टोपलीवाली बाई, छत्रीवाला माणूस, पाठमोरा मुलगा. विषय कोणताही येऊ दे, या तिघांना उभं करायचं. भाजी मंडईत तेच, जत्रेत तेच. एकदा पेपर तपासायला बसलो होतो, 'आमचे क्रीडांगण' या विषयाला टोपलीवाली बाई हजर! संकल्पचित्रात मधोमध फूल आणि चार कोपऱ्यांत चार पानं. वस्तुचित्रात समोर तांब्या ठेवलेला, पोरगं मात्र क्लासमध्ये घोटलेली किटली काढतंय.

शाळांचं तर बोलायलाच नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर गेला तरच कलेला माणूस, तोही अर्धवेळ निदेशक. लहान शाळांनी काय करायचं? कायम शिक्षक निवृत्त झाला की ते पद गेलंच म्हणून समजायचं. माझ्या जागी कोणी आलं नाही. इतिहासाच्या बाई ड्रॉइंगचा तास 'घेतात', म्हणजे राहिलेला पोर्शन पुरा करतात. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा, झालेली पोरं मोबाईलच्या दुकानात बसलीत.

खडूफळा

सर, क्लासवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. मी क्लास घेतो. एटीडी करून मी पण बसलो होतो, भरती निघालीच नाही. पोट भरायला तीन आकृत्या शिकवतो, होय. पालक पहिल्याच दिवशी विचारतात, "ए ग्रेडची गॅरंटी का?" तुम्हाला पगार होता, पेन्शन आहे. तुम्ही निसर्गचित्रणाला पंचगंगा घाटावर मुलं नेऊ शकत होता.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर

पगार होता म्हणून नेत नव्हतो. पगार असणारे इतर कुठं नेत होते? माझ्या शाळेत मुख्याध्यापक म्हणायचे, "मास्तर, पोरं घाटावर बुडली तर जबाबदार कोण?" लेखी देऊन न्यायचो.

खडूफळा

म्हणजे तुम्ही एकटेच शहाणे.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर

एकटा नव्हतो. पण तुमच्यासारखा दुकानदारही नव्हतो.

ॲडमिन

दोघांनाही विनंती, व्यक्तीवर येऊ नका. पुढची कमेंट अशी असेल तर काढली जाईल.

दहावीची आई

एक विचारू का सर? तुम्ही म्हणता तसं असेलही. पण गॅलरीत रविवारी जे दादा शिकवतात ते मुलांना आधी भिंतीवरचं एक चित्र निवडायला लावतात, पाच मिनिटं बघायचं, मग चित्राकडं पाठ फिरवून बसायचं आणि आठवेल तेवढं काढायचं. माझी मुलगी आधी टोपलीवाली बाईच काढायची, क्लासमध्ये शिकलेली. आता नाही काढत. मार्क किती पडतील देव जाणे, हे मात्र मी डोळ्यांनी बघते.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर

पाठ फिरवून बसवतात? कोण आहे हा मुलगा? हे बरोबर शिकवतोय.

खडूफळा

त्याला वर्षभर फी न घेता तीस पोरं सांभाळून बघू दे म्हणावं. मग बोलू.

शाहूपुरी एक्सप्रेस

गॅलरीचा धागा होता ना हा?

रंगपेटी

होता. आणि उत्तर तुमच्यासमोर आहे. समोर खरी चित्रं असल्याशिवाय हा सराव होत नाही. टेबलं-खुर्च्यांच्या अभ्यासिकेत बघून बघून मुलं काय बघणार, पुढच्याची मान?

साताऱ्याकडच्या औंधला तिथले राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर म्युझियम बांधलं तेव्हा खटावच्या दुष्काळी मुलखात लोक म्हणाले असतीलच, विहीर खणा की. आज यमाईला आलेला शेतकरी पोराला घेऊन रविवर्म्याच्या चित्रासमोर आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या शिल्पासमोर उभा राहतो. ते 'उपयोगाचं' आहे का, ठरवा तुम्ही.

तळकोकण

राजाचा खजिना आणि वाड्याची माडी एका तागडीत घालू नका. आणि विहीरही खणायला हवीच होती.

पेठेतला माणूस

रंगपेटी साहेब, औंध राहू दे. विहिरीवाला मीच आहे, मला दुष्काळ रोज दिसतो.

गॅलरी बंद करा हे शब्द मी मागं घेत नाही, कारण मी ते लिहिलेच नव्हते. अभ्यासिका काढा असं लिहिलं होतं. गॅलरी संध्याकाळी सातला बंद होते. सात ते साडेअकरा तिथं कुणाचं काय अडतं? चित्रं भिंतीवर राहू देत, पोरं खाली सतरंजीवर बसतील. चित्राला हात लावणारी पोरं नव्हेत ती, त्यांना मान वर करायला वेळ नाही.

रंगपेटी

चित्राचा विमा, चावी कुणाकडं, टॉयलेट एकच, चोरी झाली तर, हे सगळं मालकांनी बघायचं. मी त्यांचा वकील नाही.

पेठेतला माणूस

मघापासून वकिलीच चालली होती.

जुना बुधवार

पुरात रात्रभर चावी गल्लीकडंच होती. तेव्हा कुठल्या चित्राचं काय झालं?

रंगपेटी

बुधवारताई, पूर चार दिवसांचा असतो, एमपीएससी चार वर्षांची. पण ठीक. मालकांच्या कानावर घालतो. 'होय' म्हणतील असं नाही, आणि ग्रुपवर आधीच पेढे वाटू नका.

पेठेतला माणूस

घाला. आणि त्या बाईंनाही सांगा, जिन्यावर माणूस आला की 'कुणाकडं आलाय' विचारू नका म्हणावं.

खडूफळा

पेंटरच्या अक्षरांचं प्रदर्शन खरंच करणार असाल तर माझ्याकडं दोन जुन्या पाट्या आहेत, एका सायकल दुकानाची आणि एका पानपट्टीची. परत मिळणार असतील तरच देईन. मास्तरांनी उद्घाटन करायचं नाही.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर

मला कुणी बोलावलेलंच नाही. सायकल दुकानाची पाटी कुठल्या पेंटरची, मोडीचं वळण आहे का तिच्यात? फोटो टाका.