मदत हवी आहे: एकच 'गिऱ्हाईक', पण एक्सेलला दोन वाटतात

सोलापूरच्या चाटी गल्लीत आमचं चादरींचं दुकान, उधारी एक्सेलमध्ये. शेऱ्यात 'जुनं गिऱ्हाईक' शोधलं की निम्म्याच ओळी सापडतात. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे!

भावानं खोदून पाहिलं. माझ्या फोनवर 'ऱ्' म्हणजे नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ अधिक हलन्त; दुकानातल्या कॉम्प्युटरवर साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारी, न दिसणारी खूण). युनिकोडला (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायचं जागतिक प्रमाण) दोन्ही मान्य! दुसरी रीत म्हणे युनिकोडच्या जुन्या आवृत्ती 2.0 शी जुळावं म्हणून ठेवलीय. नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करणं) करूनही दोन्ही एक होत नाहीत.

तो न दिसणारा जॉइनर 'फाइंड-रिप्लेस'मध्ये टाकायचा कसा? सरसकट उडवला तर 'ऱ्हा'चा 'र्हा' होतो, तेही नको. कुणी फॉर्म्युला देईल का? वडील पुन्हा लाल वही काढायच्या बेतात आहेत.