आगाऊ पैसे मागणारा मॅनेजर नकोच

दोन गाणी झाल्यावर एक मॅनेजर ‘प्रमोशनसाठी’ तीस हजार आगाऊ मागतोय, द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात देऊ नका. मॅनेजर कमिशनवर काम करतो, साधारण १५ ते २० टक्के. तुमची कमाई झाली तर त्याची. मीही सुरुवातीला असेच पैसे भरले होते. हाती काय आलं, तर एका रात्रीत वाढलेले चार हजार व्ह्यूज आणि खाली एक कमेंट नाही. फार लागलं होतं मनाला.

शब्द-चाल तुमची असेल तर आधी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासदत्व घ्या. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कुणाला लिहून देता येत नाही, त्यामुळे करारात तसं कलम दिसलं तर सही करू नका.

स्पॉटिफायवर गाणं प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पिच करा, म्हणजे प्लेलिस्टमध्ये घेण्यासाठी त्यांच्या संपादकांकडे पाठवा, मी तर तीन आठवडे ठेवतो. आणि गणेशोत्सव मंडळांना आत्तापासून फोन लावा. सोबत दोन मिनिटांचा लाइव्ह व्हिडिओ पाठवा, स्टुडिओतला नको. समोर लोक बसलेत आणि आवाज टिकतोय, एवढंच त्यांना बघायचं असतं.