न्यूयॉर्क राज्यातली मे महिन्यातली टर्कीची शिकार : लायसन्स, टॅग आणि एच-१बी

शरयूकाठ : ऑल्बनीजवळ राहतो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याच्यामुळे मिळालेल्या एच-४ वर, मुलगी १३ वर्षांची. १ मेला सुरू होणाऱ्या हंगामात तिघांनाही जंगली टर्कीच्या शिकारीला जायचं आहे. शेजारचे काका त्यांची शॉटगन सरावासाठी द्यायला तयार आहेत. लायसन्स नेमकं कोणतं काढायचं, खर्च किती आणि व्हिसामुळे काही अडतं का?

रानपिंपळ : अडतं, आणि तेही पहिल्याच पायरीला. काकांची बंदूक अजून हातात घेऊ नका. ग्रीन कार्ड नसलेल्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा फेडरल कायद्यात गुन्हा आहे. कलम ९२२(जी)(५)(बी) पाहा. बंदूक उसनी असली, तासाभराच्या सरावापुरती असली, तरी ती तुमच्या ताब्यातच धरली जाते. याला अपवाद ९२२(वाय)(२) मध्ये आहे : अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स तुमच्याजवळ असेल तर ही बंदी लागू होत नाही. थोडक्यात, आपल्यासारख्यांना लायसन्स फक्त पक्ष्यासाठी लागत नाही, बंदुकीला हात लावण्यासाठीही लागतं. नवऱ्याचं तुम्हाला चालणार नाही, दोघांनी वेगवेगळं काढायचं.

म्हणून क्रम असा : आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग बंदूक. पूर्वी कधीच लायसन्स नसेल तर कोर्सच्या सर्टिफिकेटशिवाय ते मिळत नाही. डीईसीचे (राज्याच्या पर्यावरण विभागाचे) प्रत्यक्ष वर्ग मोफत असतात, पण आधी घरचा अभ्यास पूर्ण करावा लागतो आणि त्याचा पुरावा वर्गात दाखवावा लागतो. तो नसेल तर बसू देत नाहीत. एप्रिलमध्ये जागा शोधायला निघालात तर हंगाम हातचा जाईल, हिवाळ्यातच नाव नोंदवा.

राज्याच्या रहिवाशाला शिकारीचं लायसन्स २२ डॉलर आणि त्यावर टर्की परमिट १० डॉलर. नुसत्या लायसन्सवर टर्की मारता येत नाही, परमिट वेगळंच घ्यावं लागतं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. लायसन्सचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असतं. मेमध्ये शिकार झाली, बंदूक कपाटात गेली, नूतनीकरण राहून गेलं, की १ सप्टेंबरला तीच कपाटातली बंदूक बेकायदा होते. नवीन वर्षाची विक्री ऑगस्टमध्ये सुरू होते, तेव्हाच घेऊन टाका.

छर्रा_नंबर_५ : वरचं सगळं बरोबर. रानात गेल्यावरचं मी सांगतो.

वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते दुपारी १२. ऑल्बनीला १ मेला सूर्योदय साधारण ५:५० ला होतो. हंगामात दोन पक्षी, पण एका दिवशी एकच. आणि पक्षी दाढीवालाच हवा. दाढी चोचीखाली नसते. छातीच्या मधोमध, पिसांतून बाहेर लोंबणारा घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा राठ काळा झुपका म्हणजे दाढी. कायदा नर-मादी बघत नाही, दाढी बघतो. क्वचित मादीलाही दाढी असते, ती चालते. कोवळ्या नराची मात्र इतकी आखूड असते की पक्षी पाठमोरा असेल तर दिसतच नाही. दाढी स्पष्ट दिसेपर्यंत बोट ट्रिगरवर नेऊ नका.

रायफल चालत नाही. शॉटगनमध्ये २ नंबरपेक्षा मोठे छर्रे चालत नाहीत (नंबर जितका मोठा, छर्रा तितका बारीक). ४, ५ किंवा ६ नंबर घ्या. निशाणा डोकं आणि मान जिथे जुळते तिथे, ४० यार्डांच्या आत. त्याआधी कागदावर छर्‍यांचा फैलाव तपासून घ्या, प्रत्येक बंदूक-काडतुसाच्या जोडीचा तो वेगळा येतो. दाणे टाकून शिकार, कुत्रा आणि रेकॉर्ड केलेला आवाज या तिन्हींना बंदी. तोंडाने किंवा हाताने वाजवायचं कॉल, म्हणजे टर्कीचा आवाज काढायचं साधन, चालतं, नकली पक्षी ठेवलेलाही चालतो. घरापासून ५०० फुटांच्या आत शॉटगन झाडायची नाही, आणि गाडीत भरलेली बंदूक कधीच नाही.

पक्षी पडला की पेनाने टॅग (मारलेल्या पक्ष्यासाठीची चिठ्ठी) भरा, तिथेच उभं राहून. घरी जाऊन भरू म्हणणारे तपासणीत अडकतात. मग सात दिवसांत डीईसीकडे नोंद करायची.

कपड्यांत लाल, पांढरा, निळा रंग अजिबात नको, रुमालसुद्धा नको. वसंतात नराच्या डोक्यावर हेच तीन रंग असतात, दुसरा शिकारी तुम्हालाच पक्षी समजू शकतो. पाठीशी खांद्यांपेक्षा रुंद झाड घेऊन बसा आणि समोरून गॉबल (नराचं ओरडणं) ऐकू आलं तरी उठून त्या दिशेने सरकू नका. तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याच्या कॉलचाही असू शकतो.

मोरपंखी : मुलीबद्दल कुणी लिहिलं नाही. १२ ते १५ वयासाठी ज्युनियर लायसन्स असतं, कोर्स तिलाही करावा लागेल, आणि व्हिसाचा नियम तिलाही लागू. या वयाच्या मुलांसाठी १ मेच्या आधी एक शनिवार-रविवार राखून ठेवलेला असतो, पहिल्या वर्षी मी तोच सुचवेन. बरोबर आई, वडील किंवा त्यांनी लेखी परवानगी दिलेलं मोठं माणूस हवं, त्या माणसाकडे स्वतःचं लायसन्स आणि टर्की परमिट हवं. कॉल वाजवून तुम्ही तिला मदत करू शकता, पण त्या दोन दिवसांत तुमच्या हातात स्वतःची बंदूक असता कामा नये.

शरयूकाठ : खूप आभार सगळ्यांचे. एकच राहिलं : नवरा न्यू जर्सीहून तीन आठवड्यांपूर्वी इकडे आला. त्याला २२ डॉलरवालं लायसन्स मिळेल?

रानपिंपळ : आज नाही. अर्जाच्या आधी सलग ३० दिवस कायमचं घर न्यूयॉर्कमध्ये हवं, नाहीतर १०० डॉलर आणि परमिटचे २०. कोर्सला तेवढे दिवस जातीलच. त्या वेळात ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदलून घ्या. बंदूक विकत घेताना ४४७३ फॉर्म भरावा लागतो. तिथे चालू पत्त्याचं सरकारी ओळखपत्र, आय-९४ चा (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा) क्रमांक आणि शिकारीचं लायसन्स, तिन्ही मागतात. पासपोर्टवर इथला पत्ता नसतो, त्यामुळे पत्त्यासाठी तो उपयोगाचा नाही.