डबा कुंपणाला नको, संघ कोड्यात दिसू द्या

मुलांच्या हौशी जलतरण संघाच्या कौतुकासाठी ठेवायचा जिओकॅश (जीपीएसच्या मदतीने शोधायचा लपवलेला डबा, ज्यातल्या नोंदवहीत शोधणारे नाव लिहितात) तलावाच्या कुंपणालाच अडकवावा, ही एक सूचना मनापासून केलेली असली तरी मला पटत नाही. आत मुले पोहत असताना मोबाइल हातात धरून कुंपणाशी घुटमळणारा अनोळखी माणूस दिसला, तर कोणत्याही पालकाच्या काळजात धस्स होणारच. डबा थोडा दूर, जागेच्या मालकाच्या परवानगीने आणि जवळच्या दुसऱ्या कॅशपासून किमान 161 मीटर अंतर राखून ठेवावा, आणि संघाची ओळख कोड्यातून करून द्यावी.

कोड्यासाठी मेडले रिलेचा, म्हणजे चौघांनी एकामागोमाग चार वेगळ्या प्रकारांनी पोहण्याच्या शर्यतीचा, क्रम फार चांगला आहे. एकट्यानेच चारही प्रकार पोहायच्या वैयक्तिक मेडलेची सुरुवात बटरफ्लायने होते, पण चौघांच्या रिलेत पाठीवर पोहण्याचा बॅकस्ट्रोक पहिला येतो, कारण तो पाण्यातूनच, भिंतीशी धरून सुरू करावा लागतो, आणि मध्येच आला तर भिंतीकडे झेपावणारा सोबती व निघणारा पोहणारा एकमेकांच्या आड येतील. चारही प्रकारांना एकेक अंक देऊन ते रिलेच्या क्रमाने मांडायला लावले आणि त्यातून डब्याच्या जागेचे आकडे मिळतील असे केले, तर पोहणारी मुले मोठ्यांच्या आधी डब्यापर्यंत पोहोचतील, आणि मला तेच हवे आहे. डब्यात मात्र पेन्सिलच ठेवावी. ओल्या बोटांखाली नोंदवहीतली शाई पसरते.